बर्दवान जिल्ह्यातील पाठशाळा : एक जुनी शिरगणती

एखाद्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचा विचार करावयाचा तर साधारणतः तीन प्रश्न पुढे येतात. शाळा किती आहेत, तेथे शिकावयास कोण येते, आणि आलेली मुले शिकतात तरी किती? आज या प्रश्नांची उत्तरे छापील पत्रकांत भरून सरकारदरबारी पाठविली जातात, त्यामुळे ही चौकशी अगदी अलीकडची आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः बंगालमधील बर्दवान जिल्ह्यापुरती ही तिन्ही उत्तरे इ. स. १८३८ मध्ये, म्हणजे हिंदुस्थानात शिक्षणखाते नावाची वस्तू अस्तित्वात येण्यापूर्वीच, लिहून ठेवलेली आहेत. ती लिहून ठेवणाऱ्या गृहस्थाचे नाव विल्यम ॲडम.

ॲडम हा स्कॉटलंडचा. १८१८ साली तो बाप्टिस्ट पंथाचा मिशनरी म्हणून बंगालमध्ये आला; पण राममोहन रॉय यांच्या सहवासात शुभवर्तमानांचे बंगालीत भाषांतर करता करता त्याचीच श्रद्धा पालटली आणि १८२१ मध्ये तो एकेश्वरवादी झाला. राममोहनांना ख्रिस्ती करावयास गेलेला पाद्री स्वतःच बाटला, असा विनोद त्या वेळी कलकत्त्यात चालत असे. पुढे त्याने वृत्तपत्राचे संपादन केले. १८३५ च्या आरंभी गव्हर्नर जनरल बेंटिंक याने बंगाल व बिहारमधील देशी शिक्षणाची पाहणी करण्याचे काम त्याच्यावर सोपविले. त्याच वर्षाच्या २ फेब्रुवारीस मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले व ७ मार्चला सरकारने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने ठराव केला. म्हणजे देशी पाठशाळांची मोजदाद सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या भवितव्याचा निर्णय झालेला होता, ही गोष्ट पुढील सर्व हकिगत वाचताना ध्यानात ठेवणे इष्ट होय.

ॲडमने एकूण तीन अहवाल सादर केले. पहिला (१८३५) उपलब्ध कागदपत्रांवरून तयार केलेला होता. दुसरा राजशाही जिल्ह्यातील नाटोर या एकाच ठाण्याविषयी होता. तिसरा अहवाल सर्वांत मोठा. त्यासाठी त्याने मुर्शिदाबाद, बीरभूम, बर्दवान, दक्षिण बिहार आणि तिरहुत असे पाच जिल्हे निवडले. या जिल्ह्यांतून त्याने स्थानिक, लिहिती-वाचती माणसे नेमली. त्यांना तो ‘वाकिफकार’ म्हणतो. देशी भाषेत आखलेली पत्रके घेऊन ही माणसे गावोगाव फिरली. सरकारचा माणूस दारात येऊन मुलांची नावनिशी विचारू लागला की खेडुताच्या मनात नव्या कराची शंका आल्यावाचून राहत नाही. तशा शंका तेथेही आल्या, आणि बायकामुलींची संख्या सांगण्यास तर पुष्कळ घरे नाखूश होती. तरीही जी माहिती गोळा झाली ती इतकी तपशीलवार आहे की त्या काळातील अन्य कोणत्याही जिल्ह्याविषयी तशी क्वचितच आढळावी.

बर्दवानची लोकसंख्या ॲडमने ११,८७,५८० धरली आहे. या जिल्ह्यात त्याला बंगाली भाषेतून शिकविणाऱ्या ६२९ प्राथमिक शाळा आढळल्या. त्यांत १३,१९० विद्यार्थी होते. म्हणजे एका शाळेत सरासरीने एकवीस मुले, आणि सुमारे एकोणीसशे लोकवस्तीमागे एक शाळा. पाचही जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वांत चांगले होते. दुसऱ्या टोकाला तिरहुत हा जिल्हा होता. तेथे सतरा लाखांच्या आसपास वस्ती असून शाळा अवघ्या ८० व विद्यार्थी ५०७ होते. म्हणजे शाळेमागे सहा-सात मुले. एकाच प्रांतातील, एकाच अंमलाखालील दोन जिल्ह्यांत एवढे अंतर असावे, ही गोष्ट ‘त्या काळचे हिंदी शिक्षण’ असा सरसकट शब्दप्रयोग करणाऱ्यांनी विसरू नये.

शाळा हा शब्द वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे इमारत उभी राहील तर ते चूक ठरेल. पाठशाळा बहुधा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर किंवा चंडीमंडपात भरे. कोठे झाडाखाली, तर कोठे दुकानाच्या पडवीत भरे. शिकविणाऱ्यास गुरुमहाशय म्हणत. आपल्याकडील पंतोजी आणि हे गुरुमहाशय यांच्या संसारात फारसा फरक नव्हता. मुलांकडून मिळणारी थोडी रोख फी, महिन्याकाठचा शिधा, सणावारी एखादे वस्त्र, अशी सर्व मिळकत धरूनही बर्दवानमधील शिक्षकाची महिन्याची सरासरी प्राप्ती ३ रुपयांहून थोडीच अधिक पडत होती. तेवढेच शिक्षण झालेले पटवारी, अमीन यांसारखे जमीनदारीतील कारकून पगाराशिवाय वरकड प्राप्तीही करीत. गुरुमहाशयाला ती सोय नव्हती. शिक्षकाची योग्यता कमी का, या प्रश्नाचे ॲडमने दिलेले एक उत्तर या प्राप्तीतच आहे.

आता मुले शिकत काय, हे पाहू. ॲडमने मुलांची परीक्षा घेतली नाही. त्याने त्याहून सोपी व अधिक विश्वसनीय अशी एक युक्ती योजली. बंगाली पाठशाळेत मुलाची प्रगती तो कशावर लिहितो यावरून ठरत असे. प्रथम काडीने जमिनीवर किंवा वाळूत अक्षरे गिरवावयाची. महाराष्ट्रातील धूळपाटीचाच हा भाऊबंद. हा काळ दहा दिवसांचा असे म्हणतात. नंतर ताडपत्र. गुरू लोखंडी सळईने पानावर अक्षर कोरी आणि मुलगा बोरूने, कोळशाच्या शाईत, त्या खुणेवरून गिरवी. लिहून झाले की पुसून पान पुन्हा कोरे. जोडाक्षरे, माणसांची व गावांची नावे, अंक आणि कोष्टके ही सारी ताडपत्रावर होत आणि त्यांत अडीच ते चार वर्षे जात. त्यानंतर केळीचे पान. येथे हिशेबाला आरंभ होई : शेतीचा हिशेब, बाजारचा हिशेब, जमिनीची मोजणी. शुभंकर नावाच्या गणित्याचे पद्यबद्ध नियम मुले तोंडपाठ म्हणत, जशी आपल्याकडे पावकी-निमकीची उजळणी होई. शेवटी कागद. कागदावर पत्रे, अर्ज व हिशेबवह्या लिहिता येऊ लागल्या की शिक्षण पुरे झाले. छापील पुस्तक खेड्यांत जवळजवळ अज्ञातच होते.

बर्दवानच्या १३,१९० मुलांची या पायऱ्यांवरील विभागणी अशी : जमिनीवर लिहिणारे ७०२, ताडपत्रावर ७,११३, केळीच्या पानावर २,७६५ आणि कागदावर २,६१०. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले ताडपत्रावर होती, आणि पाचांतला एक कागदापर्यंत पोहोचलेला होता.

या आकड्यांचा अर्थ लावताना मात्र सावधगिरी बाळगावयास हवी. ‘पाचांपैकी चार मुलांनी शाळा सोडली’ असे अनुमान काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. ही एका दिवशीची मोजणी आहे. आज जो ताडपत्रावर आहे तो चार वर्षांनी कागदावर असू शकेल. प्रत्येक पायरीस लागणारी वर्षे लक्षात घेतली तर ताडपत्रावर चाळीस ते पंचेचाळीस टक्के आणि कागदावर वीसबावीस टक्के मुले असणे अपेक्षितच आहे. कागदाचा आकडा या अपेक्षेशी जवळजवळ जुळतो. ताडपत्राचा मात्र फुगलेला आहे आणि केळीच्या पानाचा बराच खाली आहे. शेजारच्या बीरभूममध्ये तर हे अधिकच स्पष्ट दिसते. तेथील ६,३८३ मुलांपैकी ३,५५१ ताडपत्रावर आणि २,०४४ कागदावर, पण केळीच्या पानावर केवळ २९९. केळीचे पान ही पायरी सर्वत्र सारखी पाळली जात नव्हती, पुष्कळ मुले ताडपत्रावरून थेट कागदावर जात, असे यावरून दिसते. जमिनीवर लिहिणाऱ्यांचे गणितही असेच पाहण्यासारखे आहे. हा काळ खरोखरच दहा दिवसांचा असता तर शंभरांत एकही मूल त्या पायरीवर सापडू नये. पण सापडतात पाच. याचा अर्थ एक तर आरंभीचे शिक्षण सांगण्याइतके झटपट होत नसे, किंवा काही महिने धुळीत अक्षरे काढून घरी बसणारी मुले पुष्कळ होती. बहुधा दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात. पाठशाळेत येताना मुलाचे वय सरासरीने सहाच्या आत आणि सोडताना सोळाच्या पुढे होते, ही माहिती ॲडमने दिली आहे. दहा वर्षांत अक्षर, हिशेब व पत्रलेखन एवढे साध्य होत होते. हे थोडे की पुष्कळ हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ज्या कामासाठी आईबाप मुलाला धाडीत होते, ते काम त्याला येत होते.

दुसरा प्रश्न, कोण शिकत होते, हा अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याच्यावरच पुढे सर्वाधिक वाद माजला. ॲडमने शिक्षक व विद्यार्थी यांची जातवार यादी दिली आहे. ६३९ शिक्षकांपैकी ३६९ कायस्थ आणि १०७ ब्राह्मण होते. त्यानंतर सद्गोप, आगुरी इत्यादी शेतकरी जाती येतात, आणि काही थोडे शिक्षक चांडाळ जातीचेही होते. प्राथमिक शिक्षण हे ब्राह्मणांच्या हाती होते, ही सर्वत्र रूढ असलेली कल्पना निदान बर्दवानपुरती टिकत नाही. लेखन आणि हिशेब हा कायस्थांचा पिढीजात व्यवसाय. शाळाही स्वाभाविकपणे त्यांच्याच हाती होत्या. ब्राह्मण विद्वानांचे क्षेत्र टोल म्हणजे संस्कृत पाठशाळा हे होते, आणि या दोन संस्थांचा एकमेकींशी जवळजवळ संबंध नव्हता.

विद्यार्थ्यांत ब्राह्मणांची संख्या सर्वांत मोठी, सुमारे एक चतुर्थांश होती. पण ब्राह्मण आणि कायस्थ मिळूनही निम्मे भरत नाहीत. उरलेल्यांत शेतकरी, व्यापारी व कारागीर जाती आहेत. डोम व चांडाळ या अस्पृश्य मानलेल्या जातींची प्रत्येकी ६१ मुले पाठशाळांत आढळली. बंगालमधील प्रतिष्ठित वैद्य जातीची मुले होती १२६. ही तुलना पुढील लेखकांनी पुनःपुन्हा उद्धृत केली आहे, आणि ती आश्चर्यकारक आहे यात संशय नाही. तथापि वैद्य ही संख्येने लहान जात, तर डोम आणि चांडाळ यांची वस्ती मोठी, हे लक्षात घेतले म्हणजे तिची धार कमी होते.

ॲडमने आणखी एक हिशेब दिला आहे. सर्वांत खालच्या समजल्या गेलेल्या सोळा जातींची ८६ मुले १३ मिशनरी शाळांत होती, तर देशी शाळांत याच जातींची ६७४ मुले होती. देशी पाठशाळांचे कैवारी हा आकडा अभिमानाने पुढे करतात. परंतु भागाकार करून पाहिला तर मिशनरी शाळेत दर शाळेमागे अशी सहा-सात मुले पडतात, आणि सहाशेहून अधिक देशी शाळांत दर शाळेमागे जेमतेम एक. दोन्ही विधाने खरी आहेत. देशी पाठशाळेचे दार या मुलांना सर्वस्वी बंद नव्हते. पण त्या दारातून आत जाणारे मूल बहुधा एकटेच असे.

मुसलमान विद्यार्थी ७६९, म्हणजे शेकडा सहाच्या आत होते. जिल्ह्यातील त्यांच्या वस्तीच्या मानाने हे प्रमाण पुष्कळच कमी होते. उलट पाचही जिल्ह्यांतील फारसी व अरबी शाळा एकत्र धरल्या तर तेथे मुसलमानांपेक्षा हिंदूच अधिक होते, याचे कारण उघड आहे : फारसी ही कचेरीची भाषा होती, आणि कचेरीत चाकरी करणाऱ्यांत कायस्थ पुढे होते. शाळेची निवड धर्माने नव्हे तर पोटाने ठरत होती. मुलींविषयी लिहावयास जवळजवळ काहीच नाही. लिहिणे शिकलेल्या मुलीस लवकर वैधव्य येते, अशी समजूत दृढ होती. मुलींच्या ज्या थोड्या शाळा होत्या त्या मिशनऱ्यांनी चालविलेल्या.

येथपर्यंतची माहिती शाळांतून मिळालेली आहे. पण ॲडमचे खरे शहाणपण त्याने शाळेबाहेरही पाहिले यात आहे. नाटोर ठाण्यात त्याला अवघ्या २७ प्राथमिक शाळा व २६२ विद्यार्थी आढळले होते. परंतु त्याच ठाण्यात १,५८८ कुटुंबे आपल्या २,३८२ मुलांना घरीच शिकवीत होती. शाळेत जाणाऱ्यांच्या नऊपट मुले घरी शिकत असतील, तर केवळ शाळा मोजून जिल्ह्याचे शिक्षण मोजता येणार नाही हे उघडच आहे. म्हणून तिसऱ्या पाहणीत त्याने प्रत्येक जिल्ह्यातील एक ठाणे निवडून तेथे घरोघर मोजणी केली. बर्दवानमध्ये कालना ठाणे त्यासाठी घेतले. पाच ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण कालन्यात शेकडा १६ होते. तिरहुतमधील भवारा ठाण्यात अडीच. सर्व ठिकाणे मिळून ८७,६२९ मुलामुलींपैकी ६,७८६, म्हणजे शेकडा पावणेआठ शिकत होती. मुली जवळजवळ शिकतच नसल्यामुळे मुलग्यांपुरते प्रमाण याच्या सुमारे दुप्पट धरावयास हरकत नाही.

या आकड्यांनी ॲडमची स्वतःचीच एक अडचण केली. पहिल्या अहवालात, प्रत्यक्ष पाहणी करण्यापूर्वी, त्याने असा अंदाज दिला होता की बंगाल व बिहारमध्ये १,५०,७४८ गावे आहेत आणि त्यांपैकी एक तृतीयांश वगळली तरी गावशाळांची संख्या एक लाख भरेल. म्हणजे चार कोटी वस्तीत दर चारशे माणसांमागे एक शाळा. या हिशेबाने बर्दवानमध्ये तीन हजारांच्या आसपास शाळा सापडावयास हव्या होत्या. सापडल्या ६२९. तिरहुतमध्ये चार हजारांवर हव्या होत्या, सापडल्या ८०.

जवळजवळ शतकभर या विसंगतीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनमध्ये भाषण करताना महात्मा गांधींनी असे विधान केले की पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वीचा हिंदुस्थान आजच्यापेक्षा अधिक साक्षर होता. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर फिलिप हार्टॉग यांनी या विधानास पुरावा मागितला आणि पुढे व्याख्यानमाला देऊन एक लाख शाळा ही निव्वळ दंतकथा आहे असे प्रतिपादन केले. त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. यास सर्वांत मुद्देसूद उत्तर महाराष्ट्रातून आले. शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी १९४० मध्ये ब्रिटिशपूर्व साक्षरतेवर लिहिलेल्या पुस्तकात ॲडमच्या ‘शाळा’ या शब्दाचा अर्थच तपासला. शाळा म्हणजे जेथे शिक्षण दिले जाते असे कोणतेही ठिकाण, मग तो बापाने मुलाला ओसरीवर दिलेला धडा का असेना, असा अर्थ घेतला तर लाखाचा आकडा अशक्य राहत नाही. हार्टॉग आज आपण समजतो तशी शाळा शोधत होते. परुळेकरांनी पुढे मुंबई इलाख्यातील १८२० ते १८३० या काळातील देशी शिक्षणाचे दप्तरही संपादित करून प्रसिद्ध केले (१९५१). १९८३ मध्ये धर्मपाल यांनी मद्रास, बंगाल व पंजाब येथील कागदपत्रे एकत्र करून हा वाद पुन्हा उघडला. बर्दवानच्या जातवार याद्या सामान्य वाचकाच्या हाती पोहोचल्या त्या प्रामुख्याने त्यांच्या पुस्तकामुळे.

परुळेकरांचा युक्तिवाद मान्य केला तरी एक प्रश्न उरतो. घरी शिकविणे कोणाला परवडत होते? ज्या घरात लिहितावाचता बाप किंवा काका होता त्यालाच. नाटोरमधील ती दीड हजार कुटुंबे जमीनदारांची, कारकुनांची, भटजींची आणि व्यापाऱ्यांची होती. डोमाच्या मुलासाठी घरी शाळा नव्हती. त्याला अक्षर मिळावयाचे तर ते पाठशाळेतच मिळणार, आणि त्या पाठशाळेला १८३५ नंतर कोणाचाही आधार राहणार नव्हता.

ॲडमने तो आधार देण्याची योजना आपल्या तिसऱ्या अहवालाच्या शेवटी मांडली होती. नव्या शाळा काढण्याऐवजी आहेत त्याच पाठशाळा सुधाराव्या; देशी भाषेत क्रमिक पुस्तके तयार करून ती गुरुमहाशयांना द्यावी; प्रत्येक जिल्ह्यास एक परीक्षक नेमावा; जे शिक्षक व त्यांचे विद्यार्थी परीक्षेत उतरतील त्यांना बक्षीस द्यावे आणि उत्तम शिक्षकांना जमीन लावून द्यावी, अशी ती योजना होती. शिक्षण समितीने ती अव्यवहार्य व खर्चाची ठरविली. वरच्या वर्गाला शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे त्या समितीचे तत्त्व होते. लॉर्ड ऑकलंडने २४ नोव्हेंबर १८३९ च्या टिपणात तेच धोरण पुढे चालविले. ॲडम तोपर्यंत हिंदुस्थान सोडून अमेरिकेस गेला होता. त्याचे अहवाल १८६८ मध्ये जेम्स लाँग यांनी पुन्हा छापले, आणि १९४१ मध्ये अनाथनाथ बसू यांनी संपादित केलेली आवृत्ती कलकत्ता विद्यापीठाने काढली.

बर्दवान जिल्ह्याचे २०१७ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. कालना पूर्व भागात आहे. आज तेथील प्रत्येक शाळा दरवर्षी मुलामुलींची, अनुसूचित जाती-जमातींची आणि शिक्षकांची संख्या भरून देते. मुलांना काय येते हे त्या पत्रकांवरून कळत नाही, म्हणून २००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने देशातील ग्रामीण जिल्ह्यांत शाळेऐवजी घरी जाऊन पाहणी होत आली आहे. तीत मुलाच्या हाती एक कागद दिला जातो आणि तो अक्षरे वाचतो, शब्द वाचतो, सोपा उतारा वाचतो की दुसरीच्या पुस्तकातील गोष्ट वाचतो, एवढेच नोंदविले जाते. जमीन, ताडपत्र, केळीचे पान आणि कागद या चार पायऱ्यांची आठवण ज्याला आहे त्याला ही पद्धत अनोळखी वाटणार नाही.